टाकाऊ काचेची भांडी : दिखाऊ आणि टिकाऊ

महोदय,

टाकाऊ काच आणि फुटकी चिनीमाती वापरून घडवलेल्या भांड्यांचे कौतुक अलीकडे वारंवार वाचनात येते. मी स्वतः हेच काम करतो, त्यामुळे कौतुकाबद्दल तक्रार नाही; मात्र छायाचित्रांत हटकून दिसतो तो वाडग्याच्या तळाशी वितळून साकळलेला हिरवा-निळा काचेचा थर, आणि नेमका तोच सर्वांत कमी भरवशाचा असतो. थंड होताना काच मातीपेक्षा अधिक आकसते, तिच्यात जाळीदार तडे पडतात आणि वापरात तिथून बारीक कपच्या निघू शकतात. असा वाडगा शोभेलाच ठेवावा.

काच खरी उपयोगी पडते ती दळून. बाटलीच्या काचेत सुमारे ७० टक्के सिलिका (वाळूतला मुख्य घटक) असते आणि तिला वितळवणारा सोडा व चुना तिच्यात आधीच एकजीव झालेले असतात. म्हणून तिची पूड झिलईत (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात) किंवा थेट मातीत घातली की भांडे कमी तापमानाला पक्के होते आणि इंधन वाचते. पण वितळलेली झिलई दाट ठेवणारा अ‍ॅल्युमिना हा घटक तिच्यात जेमतेम असल्याने, तो पुरवणारी केओलिन ही पांढरी माती न मिसळता नुसती पूड लावली, तर झिलई ओघळून भट्टीच्या फळीला चिकटते. (दोन फळ्या गमावल्यावर मला हे उमगले.)

फुटक्या भांड्यांची गोष्ट वेगळी. एकदा भाजलेली माती कितीही भिजवली तरी पुन्हा मळता येत नाही, आणि काचेच्या कारखान्यालाही ती नको असते, कारण तिथे न वितळलेला एखादा खडासुद्धा नव्या बाटलीत खोट ठेवतो. तीच खापरे कुटून, चाळून केलेली भरड, म्हणजे ग्रॉग, ताज्या मातीत घातली की माती सुकताना कमी आकसते आणि जाड भांडी तडकण्याचे प्रमाण घटते. ही रीत हजारो वर्षांची आहे. ती छायाचित्रात दिसत नाही, एवढाच तिचा दोष.

अर्थात, हाती येईल तो कचरा चालत नाही. लेड क्रिस्टलमध्ये शिसे असते, जुन्या रंगीत झिलईत शिसे किंवा कॅडमियम हा विषारी धातू असू शकतो, आणि चिनीमाती कोरडी दळल्यास उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होऊ शकतो. म्हणून खाण्यापिण्याची भांडी विकताना कोणता कचरा वापरला आणि ४ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल (व्हिनेगरमधले आम्ल) २४ तास भरून ठेवून त्यात शिसे-कॅडमियम उतरते का याची चाचणी केली का, हे कारागिराने लिहून द्यावे आणि ग्राहकाने ते मागावे. माझ्या ज्या भांड्यांची अशी चाचणी झालेली नाही, ती मी फुलदाण्या म्हणूनच विकतो.

– एक सिरॅमिक कारागीर