शाहाला नमवणारा तंबाखूचा बहिष्कार

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय सत्तांना मुस्लिम समाजांनी कसं तोंड दिलं, यावर मराठीत लिहिलं जातं तेव्हा अल्जीरियाचा अब्दुल कादिर, दागिस्तानचा इमाम शामिल, सुदानचा महदी अशी तलवारीची माणसंच समोर येतात. त्यांचं मोल मोठंच आहे. पण १८९१-९२ चा इराणी तंबाखू-बहिष्कार त्यात सहसा सापडत नाही. तंबाखूच्या पट्ट्यात हयात गेलेल्या मला याची फार खंत वाटते.

मार्च १८९० मध्ये नासिरुद्दीन शाहाने मेजर टॅलबॉट या इंग्रजाला ५० वर्षांसाठी देशातल्या सगळ्या तंबाखूचा मक्ता दिला. शाहाला मिळणार होते वर्षाला १५,००० पौंड आणि नफ्याचा चौथा हिस्सा. पिकवायचं शेतकऱ्याने, पण गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे मक्तेदार इंग्रज कंपनी. पिढीजात व्यापारी आपल्याच पेठेत परवान्याचा मिंधा झाला. याचा अर्थ आमच्या निपाणी भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. १९८१ चं तंबाखूच्या भावाचं आंदोलन इथल्या लोकांच्या अजून लक्षात आहे.

१८९१ च्या वसंतात शिराझमध्ये पहिला निषेध झाला, मग तब्रिझ आणि इस्फहान उठलं. इस्फहानच्या एका व्यापाऱ्याची हकिकत सांगतात. कंपनीची माणसं माल ताब्यात घ्यायला आली, तर त्याने आदल्या रात्रीच सगळा साठा जाळून टाकला होता. ‘माल देवाला विकला,’ एवढंच तो म्हणाला.

डिसेंबरात शियांचे सर्वांत मोठे धर्मगुरू मिर्झा हसन शिराझी यांच्या नावाने फतवा पसरला: आजपासून तंबाखू ओढणं म्हणजे इमामाशी, म्हणजे शिया ज्यांची वाट पाहतात त्या अदृश्य बाराव्या इमामाशी, युद्ध. शिराझी राहत होते सामर्‍याला, म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखात, शाहाचा हात पोचणार नाही अशा जागी. आणि हिंदुस्थानशी संपर्क राहावा म्हणून इंग्रजांनी ज्या तारायंत्राचा आग्रह धरला, तेच आता शहराशहरांतल्या उलेमांच्या (धर्मपंडितांच्या) आणि व्यापाऱ्यांच्या कामी आलं. दुकानं बंद झाली, हुक्के थंडावले. शाहाच्या जनानखान्यातसुद्धा कुणी हुक्क्याला हात लावेना! सैन्य जवळ असलेल्या राजाला याच्यापुढे काय करावं ते कळेना, आणि माझ्या मते या लढ्याचं खरं बळ इथेच आहे.

जानेवारी १८९२ मध्ये तेहरानचे धर्मगुरू मिर्झा हसन आश्तियानी यांना हुकूम झाला की, लोकांदेखत हुक्का ओढा, नाहीतर शहर सोडा. जमाव राजवाड्यावर गेला. त्यात बायकाही होत्या. गोळीबार झाला, माणसं मेली, पण त्याच महिन्यात सगळा मक्ता रद्द करावा लागला.

या विजयाची दुसरी बाजूही सांगायला हवी. कंपनीला ५ लाख पौंडांची भरपाई द्यावी लागली, आणि त्यासाठी इराणने कर्ज काढलं ते इंग्रजांच्याच मालकीच्या बँकेकडून. देशाच्या परकीय कर्जाची सुरुवात इथून झाली. तरीही व्यापारी आणि उलेमांची तीच एकजूट १९०५-०६ मध्ये पुन्हा रस्त्यावर आली आणि तेव्हा तिने राज्यघटना मिळवली.

आपल्या रविवारच्या पुरवणीत या बहिष्कारावर, त्याच्या कर्जासकट, सविस्तर लेख यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, निपाणी