ऊर्जामंत्री साहेब, टेस्ट रिपोर्ट घरापाशीच काऊन थांबते?

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस नमस्कार.

साहेब, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. तीन एकर कोरडवाहू वावर आहे आणि आयटीआयला वायरमन ट्रेड केला म्हणून आजूबाजूच्या चार-पाच गावात वायरिंगची कामं करतो. भारनियमन, बिल, जळालेली डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) यावर तुम्हाला रोज ढीगभर पत्रं येत असतील, हे त्यातलं नाही. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल माफ केलं, बरंच झालं. माझं म्हणणं कोठ्यातल्या लाईटबद्दल आहे. कोठा म्हणजे ढोरांचा गोठा, तुम्ही विदर्भातले, तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मंत्रालयात हे पत्र कोण वाचेल काय माहीत म्हणून लिहिलं.

आधी माझीच चूक सांगतो. आमचा कोठा घरापासून दीडशे फुटावर, मधात निंब आणि कुटाराचा ढीग. आठ-नऊ वर्षांआधी मीच घरच्या बोर्डावरून दोन वायरी नेल्या, फेज म्हणजे करंट आणणारी आणि न्यूट्रल म्हणजे परत नेणारी, बांबूवरून लोंबत्या, कोठ्यात लाकडी बोर्ड, किटकॅट फ्यूज, एक बल्ब आणि कडबा कुट्टी मशीनचा पॉइंट. अर्थिंगची, म्हणजे बिघाडाचा करंट जमिनीत उतरवणारी, तिसरी वायर नेली नाही, दीडशे फूट वायरचे पैसे वाचवले, दुसरं काय. मशीनच्या बॉडीला अर्थिंग तर पाहिजे, म्हणून तिथंच बोर्डात न्यूट्रलला एक तुकडा जोडला आणि तोच बॉडीला दिला. आमच्याकडे लय जण असंच करतात. टेस्टर लावलं तर बॉडीवर काही दाखवत नाही, मशीन चालते, मालक खुश.

मागच्या पोळ्याच्या आठ दिवस आधी रात्रभर वारा-पाऊस होता. वासरासाठी आम्ही कोठ्यात शंभर वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवतो. पहाटे आईनं पाहिलं तर बल्ब बंद. मला म्हणाली, "कोठ्यातली लाईन गेली वाटते रे." लाईन कुठं गेली होती, बांबूवरचा न्यूट्रलचा जोड सुटला होता. आता हे नीट वाचा साहेब. फेज चालूच आहे, ती बल्बातून पुढं येते, न्यूट्रलला तर परत जायला रस्ता नाही, मग ती त्या माझ्याच तुकड्यावरून मशीनच्या बॉडीत उतरते. म्हणजे बल्ब पेटत नाही आणि मशीन जिवंत. मशीनच्या स्टँडला साखळीनं कालवड बांधली होती, दीड वर्षाची, तांबडी. खाली गोमूत्रानं ओलंच ओलं. आई टॉर्च घेऊन गेली, कालवड आडवी पडलेली दिसली आणि गाय दावं तटतट ताणून भिंतीला चिकटून उभी होती, त्या गायीकडं पाहूनच आई दारात थांबली. दोन पावलं पुढं गेली असती तर हे पत्र मी लिहिलं नसतं.

नुकसानभरपाईचं मी विचारलं पण नाही. वायरिंग घरचं, चूक घरची, कोण देणार.

गावात लोक म्हणतात, "अरे मंग एक सळाख ठोकायची होती ना." ठोकतात पण, तीन फुटाची सळाख, तिला जीआय तार गुंडाळली की झाली अर्थिंग. आता हिशोब करा. आपली काळी रेगाडी, एप्रिल-मे मध्ये अशी भेगाळते की भेगेत अख्खा हात जाते, त्या कोरड्या जमिनीत सळाखेचा रेझिस्टन्स ४० ओहम धरा, डीपीची अर्थिंग ५ ओहम धरा. २३० भागिले ४५, पाच अँपिअर. कोठ्यात एमसीबी, म्हणजे जास्त करंट झाला की आपोआप पडणारं बटन, १६ अँपिअरचा, तो पाच अँपिअरवर कशाला पडतो, किटकॅटची तार पण गरम होत नाही, आणि मशीनच्या बॉडीवर दोनशे व्होल्ट तसेच राहतात. दिवसभर राहतात. माणसाच्या पायात चप्पल तरी असते, ढोराच्या पायात काय असते? पुढचे पाय एकीकडं, मागचे पाय पाच फूट लांब, आणि करंट त्या मधातून, छातीतून जाते. म्हणून माणसाला नुसत्या मुंग्या येतात तिथं बैल पडतो.

नियम नाहीत असं नाही. आयएस ३०४३ हे अर्थिंगचंच पुस्तक आहे, १९८७ चं, २०१८ ला सुधारलं, त्यात पाइप अर्थिंगच्या पाइपाला कमीत कमी अडीच मीटर लांबी सांगितली आहे. आमच्या इथं अडीच मीटर पाइप म्हटलं की कास्तकार म्हणतो, "एवढ्यात तर वावराचं फाटक होते." त्याचं पण खोटं नाही.

तर बरोबर कसं पाहिजे ते सांगतो. घरच्या बोर्डावरून कोठ्यात तीन वायरी, फेज, न्यूट्रल आणि अर्थ. कोठ्यापाशी आणखी एक पाइप अर्थिंग, ती त्या तिसऱ्या वायरला जोडलेली, खड्ड्यात कोळसा-मीठ आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एक बादली पाणी. कोठ्याच्या बोर्डात न्यूट्रलची पट्टी वेगळी, अर्थची वेगळी, दोघांची गाठ आपण तिथं मारायचीच नाही, ती डीपीवर मारलेली असते. आणि घरून वायर निघते तिथं ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की आपोआप लाईन तोडणारा स्विच. हा पाच अँपिअरची वाट पाहत नाही, एवढासा करंट जमिनीत गेला की पडला.

पण गावात आरसीसीबीची एक गंमत आहे. लावला की लोक दुसऱ्या दिवशी फोन करतात, "भाऊ, हे तुमचं डबडं सारखं पडते, काढून टाका." पडते कारण कोठ्यात माझ्यासारख्या कोणीतरी न्यूट्रल आणि बॉडी एक केलेली असते, नाहीतर न्यूट्रल गेल्यावर फेज आणि सळाख घेऊन बल्ब पेटवलेला असतो. तो बिचारा खरं बोलतो म्हणून त्यालाच काढतात. मी पण काढून दिलेत, पैसे घेऊन, आता लाज वाटते.

आता मागणी. नवीन मीटर घेताना लायसन्सवाल्या ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा कागद, लागतो. पण मीटर लागते त्या दिवशी कोठ्यात वायर नसतेच, ती मागून जाते, कोणाला न सांगता, आणि मरण तिथंच असते. मग विचारायचं कोणी? रोजगार हमीतून गोठा बांधला की बिलासाठी जिओटॅग फोटो काढतात. तिथंच अर्थिंगच्या खड्ड्याचा आणि आरसीसीबीचा एक-एक फोटो मागा, आणि त्याचे पैसे गोठ्याच्या इस्टिमेटमध्येच धरा. आरसीसीबी दीड-दोन हजारात येतो, गाय किती हजाराची ते तुम्हाला माहीत आहे. जुन्या कोठ्यांसाठी विद्युत निरीक्षकाकडून वर्षातून एकदा, मे महिन्यात, जमीन कोरडी असताना, अर्थ टेस्टर घेऊन गावोगावी एक माणूस पाठवा. पावसाळ्यात पाठवू नका, पावसाळ्यात सगळ्यांचीच अर्थिंग पास होते. आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये आमच्यासारख्या गावच्या वायरमनांना एक दिवस बसवून हे न्यूट्रलचं प्रकरण बोर्डावर करून दाखवा, तोंडी सांगून आमचे हात सुधरत नाहीत.

आमच्या कोठ्यात आता तिसरी वायर गेली आहे, अडीच मीटर पाइप गेला आहे. दर अमावस्येला आई आरसीसीबीचं टेस्ट बटन दाबते आणि अंगणातून ओरडते, "पडला रे." गाय मात्र अजून त्या मशीनजवळ जात नाही, तिची कुट्टी मी टोपल्यात भरून भिंतीपाशी नेऊन टाकतो.

आपला,
दारव्हा तालुक्यातला एक वायरमन-कास्तकार