पूल बांधा, पण जंगर बंद करू नका

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या रेवस-रेडी सागरी महामार्गावरच्या खाडीपुलांच्या बातम्या सध्या सारख्या वाचायला मिळतायत, कुठे टेंडर निघालं, कुठे काम सुरू झालं. पूल व्हायलाच पाहिजेत, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण पूल झाला की तिथली जंगर, म्हणजे गाड्या आणि माणसं खाडीपलीकडे नेणारी सपाट बोट, आपोआप बंद होणार असं सगळे गृहीतच धरून चाललेत आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाहीये, म्हणून हे पत्र.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण नाशिकहून गाडीने निघालो, मी, मिस्टर, दोन मुलं, सासूबाई आणि आप्पा म्हणजे माझे सासरे, वय 76. आप्पांचा सगळा जन्म सिन्नर तालुक्यात शेती करण्यात गेला, बोटीत म्हणून कधी बसले नव्हते. डिकीत बॅगा कमी आणि फराळाचे डबेच जास्त. ठरवलं होतं की हायवे जमेल तेवढा टाळायचा आणि किनाऱ्या-किनाऱ्याने, खाडी आली की जंगरीवर गाडी चढवून, थेट गोव्यापर्यंत जायचं.

पहिली बोट मुंबईतल्या भाऊच्या धक्क्याची, मांडव्याला जाणारी रो-रो, म्हणजे गाड्या थेट आत चढवून नेणारी. 2020 पासून चालू आहे आणि गाडीने वळसा घालून जायला तीन-चार तास लागतात तिथे तासाभरात सोडते. ती मोठी बोट आहे, वर एसी वगैरे, मुलांना भारी वाटली. पण खरी मजा पुढच्या छोट्या जंगरींची. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, चारही केल्या. मध्ये राजापुरीहून शिडाच्या होडीने जंजिराही करून आलो, गाडी अर्थात किनाऱ्यावर ठेवून.

बागमांडल्याचं जरा सविस्तर सांगते. सकाळी पावणेनऊची वेळ, भरती चढत होती. जंगर धक्क्याला लागली, पुढचा लोखंडी फळका साखळ्यांचा खडखडाट करत खाली आला, आधी दुचाक्या उतरल्या, मग एक टेम्पो, मग डोक्यावर टोपल्या घेतलेल्या दोन बायका. मग एक विशीतला मुलगा आमच्या गाडीसमोर उलटा चालत हाताने खुणा करायला लागला, येऊ द्या, येऊ द्या, थोडं डावीकडे, बास. हँडब्रेक ओढला का ते विचारलं आणि चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवला. आप्पा गाडीतच बसून होते, तो मुलगा म्हणाला "आजोबा, खाली उतरा, गाडीत बसायचं नाही, वर उभं राहिलं की खाडी दिसते." आप्पा उतरले, कठड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले. वेश्वीच्या बाजूला उतरायच्या आधी त्यांनी चप्पल काढली, कठड्याला हात लावून तो कपाळाला लावला. ही सावित्री नदी इथे समुद्राला मिळते असं मी सांगितलं तर म्हणाले, आपली गोदावरी त्र्यंबकला उगवते, समुद्र तिथून 80 किलोमीटरवर, पण ती पाठ फिरवून साडेचौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते, आज कळलं इकडे आली असती तर कशी दिसली असती. मला काय बोलावं तेच सुचेना.

हीच सावित्री 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशांच्या काळातला पूल घेऊन गेली, एसटीसकट माणसं गेली. गोव्यात तर जुलै 1986 मध्ये पणजीचा मांडवी नदीवरचा पूल कोसळला, नवा व्हायला 1992 उजाडलं, आणि मधली सगळी वर्षं माणसं नदी ओलांडत होती ती मुख्यतः फेरीबोटीतूनच. त्या फेरीबोटी पूल आला म्हणून आधीच भंगारात काढल्या असत्या तर काय झालं असतं? आपल्याकडे हा विचार कोणी करतंय का हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

गोव्यात तर आम्ही बेटांवरच एक आख्खा दिवस घालवला आणि तो सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात चांगला दिवस होता. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीने दिवाडी बेटावर, भाताची शेतं, जुनी घरं, टेकडीवरचं चर्च, मग बेटाच्या दुसऱ्या टोकाहून परत फेरीने नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला. पोर्तुगीजांनी दिवाडीवरचं मूळ देऊळ पाडलं तेव्हा लिंग नदीपार नेलं गेलं, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, तसा शिलालेखच आहे तिथे. ज्या पाण्यावरून देव गेला त्याच पाण्यावरून आपण जातोय हे सासूबाईंना फेरीतच सांगितलं, त्यांनी तिथेच हात जोडले. पुलावरून ऐंशीच्या स्पीडने गेलो असतो तर हे सांगायला वेळ तरी मिळाला असता का? तिथून मयेमार्गे चोडण बेटावर आणि संध्याकाळी चोडणहून फेरीने रायबंदरला. धक्क्याला लागूनच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, खारफुटीत बगळे बसलेले, मुलांनी मोबाईल बाजूला ठेवून मोजले. आणि या फेरी सरकार चालवतं, चालत येणाऱ्यांना तिकीट नाही, 2025 मध्ये रायबंदर-चोडणला नव्या मोठ्या रो-रो बोटी पण आणल्यात. म्हणजे गोव्याला ही वाहतूक जुनाट वाटत नाहीये, मग आपल्यालाच का वाटावी?

सगळं छान छान झालं असंही नाही. एका जेट्टीवर, नाव नाही लिहीत, आम्ही संध्याकाळी पोचलो तर शेवटची फेरी सुटून गेलेली. वेळापत्रकाचा बोर्ड पार गंजलेला, एक आकडा वाचता येत नव्हता. समोरचं गाव डोळ्यांना दिसतंय, दिवे लागलेत, आणि आम्हाला अंधारात घाटातून दोन तासांचा वळसा. त्याहून वाईट म्हणजे तिथे बायकांसाठी धड स्वच्छतागृह नव्हतं. सासूबाईंना डायबेटिस आहे, त्यांना झाडाआड जावं लागलं, मी ओढणी धरून उभी राहिले आणि त्या माझ्याकडे बघेनात. सत्तरीच्या बाईला ही वेळ का यावी? तिथल्या मासे विकणाऱ्या बायका तर रोज येतात, त्या काय करत असतील.

म्हणून मागणी एवढीच आहे, पुलाचं काम देताना त्याच वेळी तिथली जंगर चालू राहील हे कागदावर लिहून घ्या, पाहिजे तर फेऱ्या कमी करा, पर्यटन खात्याने हातभार लावावा. पूल झाला की धंदा बसणार म्हणून आत्तापासूनच जेट्टीवर कोणी खर्च करत नाही असं दिसतं, ते थांबायला हवं. बायकांसाठी पाणी असलेलं स्वच्छतागृह, डोक्यावर पत्र्याची शेड आणि पहिल्या-शेवटच्या फेरीची वेळ मोठ्या मराठी अक्षरात, एवढं तरी प्रत्येक धक्क्यावर हवंच. ॲम्ब्युलन्सने पुलावरून जावं, कॉलेजच्या पोरांनीही पुलावरून वेळेत पोचावं, पण ज्याला दहा मिनिटं पाण्यावर उभं राहायचंय त्याला तेवढी सोय ठेवा.

बागमांडल्याच्या पुलाचं काम कित्येक वर्षं रखडलंय, आता होईल म्हणतात. आप्पांनी पुढच्या दिवाळीचं आत्ताच सांगून ठेवलंय, पूल झाला असला तरी गाडी खाली धक्क्यावरच घ्यायची. आम्ही घेऊ, तेव्हा तिथे जंगर उभी असू द्या.

आपली नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक