विषय : ४८१६ मेमरी चिप्स दुसऱ्यांदा सदोष, पैसे परत करण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनला पाचवा फोन केला. यापुढे फोन नाही, जे काय असेल ते लेखी द्या.

बीबीसी मायक्रो मॉडेल बी या माझ्या जुन्या संगणकाच्या ३२ केबी मेमरीपैकी वरच्या १६ केबीसाठी मी तुमच्याकडून ४८१६ जातीच्या आठ मेमरी चिप्स घेतल्या. त्यांतल्या तीन खराब निघाल्या. बदलून आठ पाठवल्यात, त्यांत चार खराब. या यंत्रात प्रोसेसर आणि स्क्रीन आळीपाळीने मेमरी वाचतात, दोघांचे मिळून सेकंदाला ४० लाख वेळा, म्हणून १०० नॅनोसेकंदांत माहिती देणारी वेगवान चिपच लागते. तुम्ही विकता, तुम्हाला हे माहीत असणारच.

मशीन गार असताना सगळं ठीक चालतं. वीस मिनिटांनी ‘ए’ (संकेतांक ६५) दाबला की पडद्यावर ‘सी’ (६७) उमटतो. आठ चिप्सपैकी प्रत्येक चिप संकेतांकातला एकेक बिट सांभाळते, म्हणजे दोन किमतीचा बिट चुकतोय. ती चिप काढून पाचव्या, म्हणजे सोळा किमतीच्या बिटाच्या जागी लावली, तर ‘ए’चा ‘क्यू’ (८१) झाला. दोष चिपेबरोबर सरकला. सॉकेट नवे आहेत, चिपेच्या पायांवर पाच व्होल्ट बरोबर मिळतात. शिवाय बेसिक भाषेत हायमेम, म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीची वरची हद्द, खाली आणून १६३८४ ते ३१७४३ या मेमरीच्या घरांत ८५ आणि १७० (एकाआड एक बिट चालू-बंद असलेले आकडे) लिहून वाचले. चुका त्याच चार चिपांच्या. ॲसिटोनच्या बोळ्याने पुसल्यावर वरची छपाई निघून आली आणि खाली घासल्याच्या रेघा दिसल्या. जुनी, संथ चिप घासून १०० नॅनोसेकंदांची म्हणून खपवलीय, दुसरं काय?

आता फोनचं ऐका. हेल्पलाइनवरच्या तुमच्या मुलाने विचारलं, “लॅपटॉपचा मॉडेल नंबर?” मी म्हटलं, लॅपटॉप नाही. “रॅम आठ जीबी की सोळा?” सोळा केबी, म्हटलं. तो म्हणाला, “काका, केबीची फाइल असते, रॅम नसते.” मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्याने दोन मिनिटं होल्डवर ठेवलं आणि परत येऊन म्हणाला, “काका, एवढा जुना कॉम्प्युटर भंगारात का देत नाही?” पलीकडे कोणीतरी हसलं. मला स्पष्ट ऐकू आलं.

हे यंत्र शाळांत संगणक शिकवण्यासाठी सरकारने १९८४ साली सुरू केलेल्या क्लास प्रकल्पातून आमच्या शाळेत आलं होतं. त्यावर मी मुलांना शिकवलं. शाळेने ते मोडीत काढलं तेव्हा मी विकत घेतलं. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात इथल्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा घरातलं बाकी सामान सोडून आधी हे माळ्यावर नेलं. त्याला भंगार म्हणायचा अधिकार तुमच्या माणसाला कोणी दिला?

आणि पैसे परत न करायचं कारण काय, तर पाकीट उघडलं! न उघडता चिप तपासायची कशी?

सोळांपैकी सात चिप्स खराब. पूर्ण रक्कम आणि दोन्ही वेळचा कुरिअर खर्च पंधरा दिवसांत परत करा. नाहीतर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती मला राहत्या जिल्ह्यात करता येते. घासलेल्या चिपांचे फोटो आणि चाचणीचे आकडे जपून ठेवले आहेत.

माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांना मी तुमच्याकडूनच माल घ्यायला सांगितलं होतं. आता त्यांना एकेकाला फोन करून नको म्हणून सांगतो आहे.

एक निवृत्त शिक्षक,
विश्रामबाग, सांगली