वर्गातल्या सुगीच्या पंगतीपूर्वी

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू मोठ्या उत्साहाने सांगितलेस की, थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या आभाराच्या सणाच्या, सुट्टीपूर्वी तुमच्या वर्गात 1621 मधल्या एका पंगतीची आठवण म्हणून सुगीची पंगत होणार आहे. निम्मी मुले कागदी टोप्या घालून पिलग्रिम, म्हणजे तिथे वस्ती करणारे इंग्रज, होणार आहेत, उरलेली डोक्याला पिसांची पट्टी बांधून ‘इंडियन’, म्हणजे अमेरिकेचे मूळनिवासी, होणार आहेत, आणि तुझ्या वाट्याला पिसे आली आहेत. या पंगतीत तू मनापासून भाग घ्यावास, हे आधीच सांगते. मला लिहायचे आहे ते त्या पिसांविषयी, आणि ज्यांची म्हणून तू ती बांधणार आहेस त्या माणसांविषयी.

त्या लोकांचे नाव वाम्पानोआग. ते आजही अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात राहतात आणि तुझ्याएवढी त्यांची मुलेही शाळेत जातात. चित्रांत दिसणारे गरुडाच्या पिसांचे ते भरगच्च शिरोभूषण त्यांचे नव्हेच. ते फार दूर पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांतल्या जमातींचे, आणि तिथेही ते मान मिळवलेल्या माणसानेच घालायचे. म्हणजे रंगीत कागदाची ती पट्टी बांधून तू जो कोणी होशील, तो 1621 च्या त्या पंगतीला आलेलाच नव्हता.

आता खरी गोष्ट सांगते. 1620 च्या डिसेंबरात इंग्रजांनी जिथे वस्ती केली, ते प्लिमथ म्हणजे मुळात पॅटक्सेट नावाचे वाम्पानोआगांचे गाव होते. युरोपियन जहाजांबरोबर आलेल्या साथीच्या रोगाने ते काही वर्षांपूर्वीच ओस पडले होते, म्हणून इंग्रजांना साफ केलेली शेते आयती मिळाली. त्याच गावचा एक माणूस, टिस्क्वांटम, 1614 मध्ये एका इंग्रज कप्तानाने फसवून पळवून नेला होता आणि स्पेनमध्ये विकायला काढला होता. तिथून तो इंग्लंडला पोहोचला, इंग्रजी शिकला आणि 1619 मध्ये परत आला, तेव्हा गावात त्याचे कोणीही उरले नव्हते. पहिल्याच हिवाळ्यात जवळजवळ निम्मी माणसे गमावून बसलेल्या त्या इंग्रजांना मक्याची पेरणी शिकवली ती याच माणसाने. माझ्या मनातून त्याचे हे शिकवणे जात नाही.

त्याने काय शिकवले, तेही नीट समजून घे. या जुन्या जमिनीत बियाण्याबरोबर मासे पुरल्याशिवाय काही पिकणार नाही, हे त्याने बजावले आणि ते मासे ओढ्यात कधी वर चढतात, कसे पकडायचे, हेही दाखवले. वाम्पानोआगांची शेती आपल्याकडच्या मिश्र पिकासारखीच होती. मातीचा लहानसा उंचवटा करून त्यात मका लावायचा, तो वर आला की बुडाशी घेवड्याच्या बिया टोचायच्या आणि मधल्या जागेत भोपळ्याचे वेल सोडायचे. घेवडा मक्याच्या ताटाचा आधार घेऊन चढतो आणि जमिनीला नत्र देतो; भोपळ्याची रुंद पाने ओल धरून ठेवतात आणि तण वाढू देत नाहीत.

त्या वर्षीच्या पिकाचा हिशेब एडवर्ड विन्स्लो नावाच्या वसाहतकाराने डिसेंबर 1621 मधल्या पत्रात लिहून ठेवला आहे. सुमारे 20 एकरांत मका होता, तो चांगला आला. सुमारे 6 एकरांत सातू आणि वाटाणे होते, त्यांपैकी सातू बेताचा झाला आणि वाटाणा तर काढण्याच्या लायकीचाही राहिला नाही, कारण पेरणीला उशीर झाला होता आणि उन्हाने फुलोराच करपला. इंग्रजांनी पेरलेले त्यांच्या देशातले धान्य त्यांच्या फारसे हाती लागले नाही. त्यांचा हिवाळा तारला तो इथल्या मक्याने. त्यानंतरच्या पंगतीला वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे 90 माणसे घेऊन आला, ती तीन दिवस राहिली, आणि त्यांनी पाच हरणे मारून आणली, असे विन्स्लो लिहितो. म्हणजे ते नुसते जेवायला आलेले पाहुणे नव्हते.

पुढची हकिकत दुःखाची आहे, पण ती ऐकण्याएवढा तू आता मोठा झाला आहेस. 1675 मध्ये मॅसासॉइटच्याच मुलाचे, मेटाकॉमचे, इंग्रजांशी युद्ध पेटले आणि त्यात त्याचे लोक फार मोठ्या संख्येने मारले गेले किंवा गुलाम म्हणून विकले गेले. म्हणूनच 1970 पासून काही मूळनिवासी लोक थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्लिमथला जमून शोक पाळतात. दरवर्षीची राष्ट्रीय सुट्टी ही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी 1863 मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, केलेल्या जाहीरनाम्यापासूनची. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार 1941 च्या कायद्याने ठरला.

आता तू काय करावेस ते सांगते. तुम्ही कागदावर पंजा ठेवून जो टर्की पक्षी काढता, अंगठ्याचे डोके आणि बोटांची पिसे करून प्रत्येक बोटावर एकेक आभार लिहिता, त्यातल्या एका बोटावर मक्याचे बी आणि ते लावण्याची रीत देणाऱ्या वाम्पानोआगांचे नाव लिही. बाकीची बोटे तुझी. आजी, मित्र, सायकल, जे मनात येईल ते लिही. पिसांच्या पट्टीऐवजी तुमच्या गटाला मका, घेवडा आणि भोपळा यांची चित्रे घेऊन त्यांची माहिती सांगता येईल का, असे तुझ्या शिक्षिकांना वर्ग सुटल्यावर शांतपणे विचार. चारचौघांत त्यांना अवघडल्यासारखे होईल असे बोलू नकोस. त्या इतक्या हौसेने मुलांसाठी हे सारे जमवत आहेत, आणि त्यांना हे नक्की आवडेल असे मला वाटते. मीही त्यांना आजच ईमेल पाठवते आहे. त्या काय म्हणाल्या ते मला रात्री कळव, म्हणजे चित्रांसाठी लागणारा जाड कागद बाबा उद्या घेऊन येतील.

तुझी,
आई