खंजिरीच्या मंडळांनाही नव्या चाली हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील पाश्चात्त्य चेंबर संगीतावरचा (मोजक्या वादकांनी मिळून वाजवायच्या संगीतावरचा) लेख वाचला. त्यात क्रोनॉस क्वार्टेट या अमेरिकी वादक-चौकडीचा ओझरता उल्लेख आहे. परंतु त्यांच्या ज्या कामातून आम्हा खेड्यातल्या भजनी मंडळींना काही घेता येईल, ते लेखात आले नाही, म्हणून हे पत्र.

दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो, एवढाच हा मेळ. समोर संचालक नसतो. कधी उचलायचे आणि कुठे थांबायचे, हे एकमेकांच्या नजरेवर व श्वासावर ठरते. डेव्हिड हॅरिंग्टन यांनी १९७३ साली स्थापन केलेल्या क्रोनॉसने जुन्या रचनांवरच विसंबून न राहता हजाराहून अधिक नव्या रचना व रूपांतरे संगीतकारांकडून करवून घेतली. आशा भोसले यांच्यासह राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांचा २००५ साली निघालेला त्यांचा संग्रह अनेकांनी ऐकला असेल. मला मात्र त्यांचा २०१५ मधला उपक्रम अधिक मोलाचा वाटतो: नवोदित वादकांसाठी पन्नास नव्या रचना, त्यांतील निम्म्या स्त्री संगीतकारांच्या, आणि सर्वांची स्वरलिपी व ध्वनिमुद्रणे विनामूल्य खुली. उस्ताद झाकीर हुसेन यांचीही रचना त्यांत आहे.

मी तिवसा तालुक्यातल्या एका गावात बावीस वर्षे पेटी वाजवतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगावी रुजवलेली खंजिरी, पेटी, तबला, टाळ आणि मागे झील धरणारे चौघे, असे आमचे मंडळ. संचालक आम्हालाही नाही. खंजिरीवाल्याचे मनगट उचलले गेले की तबलजी सावध होतो. पण स्पर्धेच्या मांडवात आम्ही म्हणतो काय, तर सिनेमाच्या चालीवर बसवलेली पदे, आणि परीक्षकही त्यावर मान डोलावतात. (बक्षीस आम्हीही घेतले आहे, हे कबूल करतो.) दुसरीकडे, दोन वर्षांपूर्वी आमचे वृद्ध बुवा गेले, तेव्हा ग्रामगीतेच्या ओव्या म्हणण्याच्या त्यांच्या दोन चालीही गेल्या, कुणी लिहून ठेवल्या नव्हत्या. एकीचे मोबाइलवर ध्वनिमुद्रण सापडले, तर त्यात शेजारच्या वरातीचा डीजेच अधिक ऐकू येतो.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांना विनंती आहे, की बक्षिसाच्या रकमेतला काही भाग त्यांनी नवी चाल बांधणाऱ्यांसाठी राखून ठेवावा, प्रत्येक मंडळाला किमान एक स्वतंत्र चाल सक्तीची करावी आणि निवडक चाली भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत, ध्वनिमुद्रणासह, सर्व मंडळांना मोफत द्याव्यात. मी वहीत उतरवलेल्या नऊ जुन्या चाली त्यासाठी आजच देण्यास तयार आहे.

आपला,
एक पेटीवादक
ता. तिवसा, जि. अमरावती