स्पितीतल्या अनामिकांचे आभार

हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातली लांगझा, हिक्किम, कोमिक ही गावं 4,300 मीटरच्याही वर आहेत. तिथे राहून माणसं धडधाकट परततात, ते बरंचसं अशा लोकांमुळे, ज्यांची नावं विचारायची राहून जातात.

पहिले आभार मनालीहून स्पितीला जाणाऱ्या रस्त्यावर, छत्रू ते बातलमधल्या नाल्यांपाशी थांबून अनोळखी गाड्यांना वाट दाखवणाऱ्या चालकांचे. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारी पाणी फुगतं, म्हणून नाला सकाळीच ओलांडायचा. पहिला गिअर, वेग सारखा. मध्येच ॲक्सिलरेटर सोडला तर सायलेन्सरमधून पाणी शिरून गाडी बंद पडू शकते. उतावळ्यांना हे शांतपणे समजावणं सोपं नाही!

झारखंडसारख्या दूरच्या राज्यांतून येऊन हा रस्ता दरवर्षी मोकळा करणाऱ्या मजुरांचेही आभार.

होमस्टे चालवणाऱ्या ताई-आजींचं ऋण मोठं. कोरड्या संडासात पाणी ओतायचं नाही, वरून फावडंभर माती किंवा राख टाकायची. पाण्याने सगळं सडून घाण सुटते आणि खत बिघडतं. तेच खत पुढे वाटाणा नि जवाच्या शेतात जातं. ओले टिश्यू (वेट वाइप्स) कुजत नाहीत, ते सोबत परत न्यावेत. पाहुण्यांनी टाकलेले टिश्यू याच बायका निमूटपणे वेचतात.

आणि उंचीच्या त्रासाने डोकेदुखीबरोबर उलट्या होणाऱ्या, चालताना झोक जाणाऱ्या पाहुण्याला ‘सकाळी बघू’ न म्हणता रात्रीच खाली काझाच्या दवाखान्यात पोहोचवणाऱ्या गावकऱ्यांचे मनापासून आभार.